मी असते तर पहिल्याच दिवशी बॅग भरली असती

पत्र:

मावशी नमस्कार. मी कळव्याला राहते, वय ३९, नोकरी रबाळ्याला. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लोकलच्या लेडीज डब्यातल्या आम्हा नऊ जणींचा एक ग्रुप आहे. मागच्या महिन्यात एकीने सांगितलं म्हणून सगळ्यांनी ती अमेरिकन पैलवानाच्या खुनावरची डॉक्युमेंटरी बघितली, डेव्ह शुल्ट्झ नावाचा ऑलिंपिक चॅम्पियन, त्याला त्याच्याच श्रीमंत स्पॉन्सरने घराच्या दारात गोळ्या घातल्या ती. बघून झाल्यावर ग्रुपवर जोरात चर्चा. मी लिहिलं, "इतकी वर्षं त्या वेड्याचं खाल्लं, त्याच्याच घरात राहिले, मग असंच होणार ना. आणि बायकोला नंतर भरपाई मिळालीच की. मी असते तर पहिल्याच दिवशी बॅग भरली असती." पुढे ते डोळ्यात पाणी येईस्तोवर हसणारे दोन चेहरे. बाकीच्यांनी अंगठे दिले. अर्ध्या तासात माझी सगळ्यात जवळची मैत्रीण ग्रुप सोडून गेली. आता ती बोलत नाही, दुसऱ्या लेडीज डब्यात चढते. नंतर दुसरीकडून कळलं की तिचा मोठा भाऊ कबड्डी खेळायचा आणि २००७ ला गावाकडे त्याचा खून झाला होता. मला ती फक्त "दादा लवकर गेला" एवढंच बोललेली, मला वाटलं ॲक्सिडेंट वगैरे. मावशी, मी तिच्या भावाबद्दल एक अक्षर बोलले नाही, तीस वर्षांपूर्वी गेलेल्या एका अमेरिकन माणसाबद्दल बोलले. मला माझं मत नाही का? माझं चुकलं की ती जास्तच मनाला लावून घेतेय? मी "सॉरी यार मला माहीत नव्हतं" असा मेसेज टाकला, हात जोडलेले टाकले, निळी टिक आली, उत्तर नाही. तिचा गणपतीतला डबापण माझ्याकडेच पडलाय. मुलगा म्हणतो जाऊ दे ना आई, किती ड्रामा. (तोपण कुस्ती खेळतो, आमच्या इथले एक भाऊ त्याचे शूज, खुराक, स्पर्धांचं भाडं सगळं बघतात, देवमाणूस.) काय करू?
– कळव्याची एक

अगं, सगळ्यात आधी हे सांगते की डबा अजून तुझ्याकडे आहे हे वाचून मला हायसं वाटलं. त्यावर शेवटी येते.

चुकलं का, याचं उत्तर लगेच देते. चुकलं. पण तुला वाटतंय ते नाही. तुझ्या सॉरीत तू लिहिलंस "मला माहीत नव्हतं", म्हणजे तुझ्या हिशोबाने चूक एवढीच की नऊ जणींत नेमकी एक तशी निघाली, आपलं नशीब, जसं आहेराच्या पाकिटावर चुकून दुसऱ्याच नवरा-नवरीचं नाव पडावं. माझं म्हणणं असं की तिला भाऊच नसता, नऊच्या नऊ जणींच्या घरी सगळं आलबेल असतं, तरी ते वाक्य चुकलेलंच होतं, कारण ते खरं नाहीये. आणि तू ते ज्या डॉक्युमेंटरीवरून लिहिलंस तिच्यातच ते खरं नसल्याचं सगळं दाखवलंय. तुझं पत्र आल्यावर मी ती परत लावली, मेथी निवडत बघितली, मेथी तशीच राहिली.

हा डेव्ह शुल्ट्झ कोण होता बघ. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ७४ किलोत फ्रीस्टाइलचं सोनं. धाकटा भाऊ मार्क, त्यालापण त्याच ऑलिंपिकमध्ये सोनं, एका घरात दोन. १९८३ ला जगज्जेता. रशियन पैलवानांशी बोलता यावं म्हणून हा गडी रशियन शिकला होता, ते दिवस कुठले, अमेरिका आणि रशिया एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि ह्याची तिकडे लोकांशी दोस्ती. आणि एवढं सगळं असून त्या माणसाला कुस्तीवर घर चालवता येत नव्हतं. अमेरिकेत कुस्तीत पैसाच नव्हता गं. नोकरी धरली की सराव सुटतो, सराव धरला की भाडं थकतं. अशात केमिकल कंपनीवाल्या गडगंज ड्युपॉन्ट घराण्याचा वारस, जॉन ड्युपॉन्ट, पेनसिल्व्हेनियात आठशे एकरांची इस्टेट, त्यावर स्वतःच्या खर्चाने मोठी तालीम बांधली, पैलवानांना राहायला घरं, महिन्याला पैसे, देशोदेशीच्या स्पर्धांना जायचा खर्च. सोबतीला सराव करायला जगातले उत्तम गडी एकाच छताखाली.

आता मला सांग, ह्याला तू "त्याचं खाल्लं" म्हणणार? मग कोल्हापूरच्या सगळ्या पैलवानांनी शाहू महाराजांचं खाल्लं म्हणायला लागेल. आपल्याकडे पैलवान कोणाच्या तरी खुराकावरच वाढलाय, पहिल्यापासून. महाराजांनी १९१२ ला खासबाग मैदान उभं केलं, तालमी पोसल्या, त्याचा आपण अभिमानच सांगतो ना. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला निघाले तेव्हा जायला पैसे नव्हते, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, तेव्हा कुठे ते ब्राँझ आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. आपण ती गोष्ट डोळे पुसत सांगतो. खर्डेकर देवमाणूस होते हे खाशाबांचं भाग्य. पण समजा दुसराच कोणी निघाला असता आणि पुढे त्याचं डोकं फिरलं असतं, तर आपण खाशाबांना म्हणालो असतो का की पैसे घ्यायच्या आधी कळायला नको का? शुल्ट्झला समोर आलेला माणूस पहिली बरीच वर्षं वेडा नव्हता, विक्षिप्त होता, आणि श्रीमंत माणसाचा विक्षिप्तपणा आपण किती कौतुकाने घेतो ते तुला मी ठाण्यात राहून सांगायला नको. टीशर्टावर छातीभर फोटो छापलेले असतात बघ दहीहंडीला.

मग तुझा बॅगेचा मुद्दा. पहिल्याच दिवशी म्हणतेस, तर पहिला दिवस कुठला? तू दीड तास बघितलंस आणि पहिल्या मिनिटापासून तुला माहीत होतं की ह्याला मारणार आहेत. त्याखाली ते गूंऽऽ असं म्युझिक. ड्युपॉन्ट नुसता चहा पीत बसलेला दाखवला तरी आपल्याला वाटतं बघ बघ, डोळे बघ त्याचे. त्यांच्या आयुष्याला म्युझिक नव्हतं गं. त्यांनी घरीच काढलेली व्हिडिओ क्लिपिंग्ज आहेत ना त्यात, लहान पोरं खेळतायत, मोठे हसतायत, तो जॉनपण मध्येच येऊन उभा राहतो अवघडलेला, एखादा एकटा पडलेला काका सणाला येतो तसा. ती क्लिप काढणाऱ्याला ती पुढे खुनाच्या डॉक्युमेंटरीत लागेल असं वाटलं असेल का? तुझ्या मोबाइलमधला कुठल्याही बारशाचा व्हिडिओ काढून त्याखाली तसं म्युझिक लाव, सगळे नातेवाईक संशयित दिसतील.

हळूहळू बिघडत गेलं. त्याला भिंतीत माणसं लपलीत असं वाटायला लागलं. काळ्या रंगाचीच धास्ती बसली, काळ्या पैलवानांना इस्टेटीवरून घालवलं. एका पैलवानावर बंदूक रोखून त्याला निघ म्हणाला. म्हणजे निशाण्या होत्या, आहेच. पण त्या कोणाकोणाला दिसत होत्या बघ. गावातले पोलीस ह्याच्याच रेंजवर नेमबाजीचा सराव करायचे, त्यांना ह्याची मदत व्हायची. कुस्तीची देशातली संघटना ह्याची देणगी घेत होती. घराण्याचं नाव एवढं मोठं की उठून कोण बोलणार. एवढी सगळी वजनदार मंडळी गप्प, आणि आपण तीस वर्षांनी कळव्यात सोफ्यावर बसून जाब विचारतोय कोणाला, तर ज्याच्याकडे सगळ्यात कमी ताकद होती त्याला. ही माझी खरी तक्रार आहे तुझ्या वाक्याबद्दल, आणि तू एकटी नाहीस, माझ्या घरातही हेच वाक्य आलं होतं, आमच्या ह्यांच्या तोंडून, चहाचा कप हातात घेऊन.

शुल्ट्झचं वय ३६ होतं. अटलांटा ऑलिंपिक सहा महिन्यांवर. ही शेवटची संधी, पुढच्याला तो चाळिशीत गेला असता. मुलं लहान, त्यांची शाळा तिथली. शिवाय तो त्या सगळ्यांत थोरला, जॉन बिथरला की त्याला शांत करायला लोक डेव्हलाच पुढे करायचे, कारण डेव्हचं तो ऐकायचा. अशी माणसं प्रत्येक घरात असतात, दारुड्या काकाला घरी आणायला जाणारी. ती बॅग भरत नाहीत. ती म्हणतात एवढं ऑलिंपिक होऊ दे, एवढी बारावी होऊ दे, एवढं लग्न होऊ दे. तू स्वतः मागे एकदा नोकरी सोडायची म्हणून लिहिलं होतंस मला, तीच ना तू? साहेब फायली अंगावर फेकतो म्हणून. अजून रबाळ्यालाच आहेस.

२६ जानेवारी १९९६. इकडे आपण परेड बघत होतो. तो घराबाहेर आपल्या गाडीचं काहीतरी करत होता, जॉन गाडी घेऊन आला आणि सरळ गोळ्या घातल्या. आवाज ऐकून बायको दारात आली, तिच्यासमोर शेवटची. त्यानंतर ड्युपॉन्ट दोन दिवस बंगल्यात दार लावून बसला, बाहेर पोलीस. शेवटी पकडला कसा माहितीये, पोलिसांनी बंगल्याचं हीटिंग बंद केलं, बाहेर कडाक्याची थंडी, आणि हा बॉयलर बघायला स्वतः बाहेर आला तेव्हा धरला. मला ते बॉयलरचं राहून राहून आठवतं. माणूस मारून झाल्यावर थंडी वाजते म्हणून बाहेर येतो. १९९७ ला कोर्टाने दोषी धरलं, मानसिक आजारी आहे हेपण धरलं, आणि २०१० ला तो जेलमध्येच गेला. आणि त्या भरपाईचं तू जे लिहिलंस ना, बायकोला मिळालीच की, ते मी दोनदा वाचलं. तिच्यासमोर गोळी घातली गं. त्या बाईने पुढे नवऱ्याच्या नावाने कुस्तीचा क्लब चालवला, पैलवानांना कोणा एका सावकाराच्या दारात बसायला लागू नये म्हणून. हे तुझ्या दोन हसऱ्या चेहऱ्यांच्या शेजारी ठेवून बघ.

मी तुला झापतेय असं वाटत असेल, तर आता माझं ऐक. १९८८ चा जुलै, मी कॉलेजात. सय्यद मोदीला लखनौला स्टेडियमच्या बाहेर गोळ्या घातल्या, सराव करून बाहेर पडत होता. बॅडमिंटनचा आठ वेळा नॅशनल चॅम्पियन, सलग आठ वर्षं, १९८२ च्या ब्रिस्बेन कॉमनवेल्थचं सोनं. पेपरात रोज काहीतरी यायचं, खेळाचं कमी आणि घरचंच जास्त. आम्ही चौघी तलावपाळीच्या कट्ट्यावर भेळेचा कागद मांडीवर घेऊन त्या घराचं काय काय बोललो असू, आज आठवलं तरी कान गरम होतात. ज्यांच्यावर आम्ही बोट ठेवलं होतं त्यांच्यावरचे आरोप पुढे कोर्टात टिकलेपण नाहीत. आमच्या चौघींत एक जण स्वतः बॅडमिंटन खेळायची, जिल्ह्यापर्यंत गेलेली. ती त्या दिवशी भेळ अर्धी टाकून उठली, म्हणाली त्याचा बॅकहँड कसा होता हे तुमच्यातल्या एकीला तरी माहितीये का. आम्ही हसलो. मला आजतागायत त्याचा बॅकहँड माहीत नाही, मी कधी बघितलाच नाही त्याला खेळताना, पण त्याच्या घरातलं सगळं माझं पाठ होतं.

का बोलतो आपण असं, ह्यावर मी बराच विचार केलाय कारण मला स्वतःला ती खोड आहे. कळवा आणि मुंब्र्याच्या मध्ये कोणी गाडीतून पडलं की आपल्या डब्यात पहिलं वाक्य काय येतं? दारात कशाला लटकायचं. बोलणारी स्वतः दारात, एक पाय बाहेर. घोडबंदरला बाइकवाला गेला, हेल्मेट होतं का, रात्री दोनला काय करत होता. त्या माणसाने काहीतरी चूक केली असली पाहिजे, म्हणजे मग मी ती करणार नाही आणि माझं पोरगं संध्याकाळी घरी येईल. एवढाच हिशोब असतो तो. दुष्टपणा नसतो त्यात, भीती असते, मान्य. पण ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याला तुझी भीती ऐकू येत नाही, त्याला फक्त एवढंच ऐकू येतं की आमच्याच माणसाचं काहीतरी चुकलं.

तुझ्या मैत्रिणीच्या भावाचं काय झालं मला माहीत नाही आणि तूही खोदू नकोस. पण गावात जवान पोरगा मारला गेला की दहाव्याच्या दिवशी घाटावर काय कुजबूज होते ते मला चांगलं माहितीये. "त्याचंच काहीतरी असेल." "उगाच कोण मारेल." "त्या लोकांत उठबस होती ना." त्या घरातल्या बहिणीने ते सगळं ऐकलेलं असतं, पाणी वाढता वाढता. म्हणून तर ती तुला नुसतं दादा लवकर गेला म्हणाली. खून म्हटलं की पुढचा प्रश्न "का" हा येतोच, आणि त्या का-चं उत्तर देत बसायचा तिला कंटाळा आला असेल. तुझ्याबरोबर ती बिनधास्त होती कारण तुझ्याकडे तो विषय नव्हता, ठाणे ते रबाळे ती नुसती एक बाई होती जिला विंडो सीट आवडते. आणि मग तेच घाटावरचं वाक्य तुझ्याकडून आलं, वर हसणारे चेहरे, वर सात जणींचे अंगठे. जास्त मनाला लावून घेतलंय असं मला अजिबात वाटत नाही. तिने फक्त डबा बदललाय, तुला तोंडावर काही बोललीपण नाही.

आता काय करायचं.

मेसेज आणखी पाठवू नकोस. हात जोडलेले तर नकोच, ते आपण दूधवाल्यालापण पाठवतो. ग्रुपवर मात्र एक गोष्ट कर, आजच, तिचं नाव न घेता आणि तिच्या भावाचा भ न काढता. एवढंच लिही की मी त्या दिवशी शुल्ट्झबद्दल जे लिहिलं ते चुकीचं होतं, मारणाऱ्याबद्दल बोलायचं सोडून मेलेल्याला बोलले. संपलं. कोणी विचारलं काय झालं गं अचानक, तर काही नाही, परत बघितली, एवढंच सांग. ती ग्रुपवर नाहीये म्हणून काय उपयोग असं म्हणशील. अगं, नऊ जणींच्या ग्रुपातली गोष्ट संध्याकाळच्या गाडीपर्यंत तिच्याकडे पोचते, तुला भावाचं कळलं ना दुसरीकडून, तसंच.

मग प्लॅटफॉर्मवर भेट. गाडीत नको, गाडीत बाकीच्या कान लावून असतात आणि तिला उतरून जाता येत नाही. ठाण्याला नऊ-दहा नंबरवर ती पुढच्या डब्याशी उभी राहते तिथे दहा मिनिटं आधी जा. "मला माहीत नव्हतं" ने सुरुवात करू नकोस, ते तुझ्या सोयीचं वाक्य आहे. म्हण, मी जे लिहिलं ते कोणाच्याच बाबतीत बोलायला नको होतं, मला लाज वाटते. बास. एवढं म्हणून गप्प राहा, हे तुला जड जाईल, पत्रावरून तू गप्प राहणारी वाटत नाहीस. ती रडली तर रडू दे. ती म्हणाली ठीक आहे आणि गाडीत चढली, तर चढू दे, मागोमाग त्याच डब्यात शिरू नकोस. ती म्हणाली तुला काय कळणार, तर खरंय म्हण, कारण खरंच आहे ते.

आणि कसा गेला, कोणी मारलं, केस झाली का, शिक्षा झाली का, ह्यातलं काही म्हणजे काही विचारू नकोस. तुला जाणून घ्यायचंय हे मला दिसतंय पत्रात, तू खुनाचं साल मिळवून बसलीयेस पण तो खेळायचा कसा ह्याबद्दल एक ओळ नाही. पुढेमागे बोलणं सुरू झालंच, महिन्याने, दोन महिन्यांनी, तर एकच विचार, दादा चढाईचा होता की पकडीचा? डावा कोपरा की उजवा? बघ काय होतं. कबड्डीवाल्यांच्या घरातल्या बायकांना सगळं माहीत असतं, कुठल्या मॅचला किती पॉइंट काढले, गुडघा कधी निखळला, कोणाच्या मातीत पाय मुरगळला, आणि सतरा-अठरा वर्षांत तिला हे कोणी विचारलं नसेल ह्याची मला जवळजवळ खात्री आहे. सगळ्यांनी शेवटचा दिवस विचारला असेल.

मत मांडायचा हक्क आहे का म्हणतेस, आहे की. भरपूर मांड. त्या पोलिसांबद्दल मांड, संघटनेबद्दल मांड, आठशे एकर असले की वेडाला विक्षिप्तपणा म्हणतात ह्याबद्दल मांड, मीपण येते भांडायला. असल्या डॉक्युमेंटऱ्या बघू नका असलं काही मी सांगणार नाही, मी स्वतः रात्री साडेअकराला बघते आणि मग कडी दोनदा तपासते.

एक राहिलं, आणि ते तू कंसात टाकलंस म्हणून मी मुद्दाम वर काढते. मुलाचे शूज, खुराक, भाडं, सगळं भाऊ बघतात. भाऊ देवमाणूस असतील, मी नाही म्हणत नाही, कितीतरी असतात, नसते तर आपल्याकडे अर्ध्या तालमी बंद पडल्या असत्या. तू मदत बंद कर असं मी सांगत नाहीये. पण तुझ्या पहिल्या दिवशीच्या बॅगेचं आहे ना, ते इथे लावून बघ. पोराने वाढदिवसाच्या बॅनरवर फोटो नको म्हटलं तर चालेल का? प्रचाराच्या रॅलीला नाही आला, परीक्षा आहे म्हणाला, तर पुढच्या महिन्याचा खुराक येतो का? दुसऱ्या वस्तादाकडे जायचं झालं तर काय परत मागतील? हे पोराला विचार, भाऊंना नको. शेजारी बसवून, फोन बाजूला ठेवून विचार, आणि तो जाऊ दे ना आई म्हणाला तर जाऊ देऊ नकोस. कुस्तीच्या खर्चातला एक भाग, शूज म्हण, नाहीतर गाडीभाडं, तू स्वतः भरायला लाग, जमेल तेवढा. पाचशे रुपये का असेनात. नाही म्हणायची वेळ आली तर ते पाचशे कामाला येतात.

डब्याचं. गणपतीतला आहे म्हणजे मोदक दिले असणार तिने, तुझ्याकडे दीडेक महिना पडलाय. तो तुझा पास आहे तिच्यापर्यंत जायचा, म्हणून मला हायसं वाटलं. पहिल्या दिवशी नेऊ नकोस, पहिल्या दिवशी हात रिकामेच बरे, नाहीतर ती डबा घेईल, थँक्यू म्हणेल आणि विषय संपेल. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या भेटीला ने. रिकामा द्यायचा नसतो हे तुला सांगायला नकोच, पण गोड भरू नकोस ह्या वेळी, गोड म्हणजे सगळं मिटलं असा अर्थ होतो आणि ते ठरवणारी तू नाहीस. थालीपीठ दे दोन, लोण्याचा गोळा वेगळ्या वाटीत. वाटी तुझी असू दे, म्हणजे ती परत करायला तिला यावं लागेल.